खणाच्या गावाला

तुमच्या घरात आज घडीला किती खण असतील, मोजलेत कधी? मी मोजले. मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत माझं कपाट आणि सासूबाईंची जुनी पत्र्याची पेटी मिळून एकाहत्तर खण निघाले! चैत्रातल्या हळदीकुंकवाचे, गौरींचे, नवरात्रातले, कुणाच्या बारशाचे, कुणाच्या मुंजीचे. त्यांतले निम्मेअधिक 'फिरते'. म्हणजे एका घरच्या ओटीतून दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या घरी असे हिंडणारे. एकदा मी गंमत म्हणून एका खणाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक फुली केली होती. वर्षभरात तो चार घरं फिरून पुन्हा माझ्याच ओटीत आला, फुलीसकट!

मी शाळेत अर्धवेळ शिक्षिका आहे. मराठीचे थोडे तास आणि उरलेले कार्यानुभवाचे. मुलींना शिवण शिकवता शिकवता मलाच त्याचा नाद लागला. घरात पायमशीन होतंच. आधी चष्म्याचं घर शिवलं, मग बटवा, मग आरतीच्या ताटावरचा रुमाल, उशांचे अभ्रे, दाराचं तोरण, किटलीला घालायचा जाड टोप. संध्याकाळचा स्वयंपाक उरकला, मुलगी अभ्यासाला बसली, की तासभर मशीन. आमचे 'हे' म्हणतात, "घरातली एक वस्तू उघडी राहू देऊ नकोस, उद्या मलाही गवसणी शिवशील!" पण बाजारातून आणलेली वस्तू आणि आपल्या हातानं शिवलेली वस्तू यांत जो फरक असतो, तो शिवणाऱ्या बाईलाच कळतो. घराला त्यानं ऊब येते.

आणि या सगळ्यासाठी खणासारखं कापड नाही. रंग भरदार, नक्षी बारीक, दोन्ही बाजूंना काठ. एकाहत्तर खण समोर पाहिल्यावर माझे तर हातच शिवशिवायला लागले.

पण सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "ओटीचा खण कापायचा नसतो."

"पण आई, तुम्ही जुन्या साड्या कापून कौदी शिवताच की!"

"ते जुनेर असतं. अंगाला लागून मऊ झालेलं. ते कापायचं, जोडायचं, पुन्हा वापरायचं. खण कोरा असतो. त्याची चोळी शिवायची, नाहीतर दुसरीच्या ओटीत घालायचा. पिशव्या कसल्या करायच्या!"

सासूबाईंचं माहेर विजापूरजवळचं. गोधडीला त्या कौदीच म्हणतात. माहेरी घरात मराठी, बाहेर कानडी. सोलापुरात आम्हांला याचं नवल नाही. १९५६ पर्यंत सोलापूर आणि विजापूर एकाच मुंबई राज्यात होती. रेषा आखली म्हणून सोयरिका काही थांबल्या नाहीत.

तर, त्यांनी नको म्हटलं तरी मी फिरते खण हळूहळू कापायला घेतले. त्याही काही बोलेनात. मग डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन आलं. मुलींनी शिवलेल्या वस्तूंचा स्टॉल होता, आणि नमुना म्हणून एक चांगली पर्स मी स्वतः करायची ठरवली. फिरत्या खणांत मनासारखा एकही नव्हता. सासूबाईंच्या पेटीत अगदी तळाशी एक अंजिरी रंगाचा खण होता, लालभडक काठाचा, अंगभर बारीक नक्षीचा. हाताला असा भरीव लागला की सोडवेना. त्या दिवशी सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या. मी कात्री लावली.

पर्सचं फार कौतुक झालं. पाच जणींनी 'मला अशीच हवी' म्हणून सांगितलं. मी घरी आले ती अगदी हवेत. पर्स सासूबाईंच्या पुढे धरली.

त्यांनी ती हातात घेतली, एकदा काठावरून बोट फिरवलं आणि परत दिली. "छान झालीय," म्हणाल्या आणि देवघरात गेल्या. रात्री ह्यांच्याकडून कळलं. तो खण सासूबाईंच्या आईनं त्यांच्या शेवटच्या माहेरपणाला ओटीत घातला होता. त्यानंतर दोन महिन्यांत आई गेली.

मैत्रिणींनो, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पोळ्या लाटायला पूर्वीसारख्याच येत, मुलीची वेणी घालत. पण माझ्या मशीनजवळ येऊन बसायच्या, "ही टीप वाकडी गेली बघ" म्हणायच्या, ते बंद झालं. मी 'चुकलं' म्हणायला तोंड उघडलं की त्या विषय बदलायच्या.

पौष लागला तसं त्या म्हणाल्या, "बनशंकरीला जाऊन यायचं आहे." बदामीची बनशंकरी त्यांच्या माहेरची कुलदेवी. शाकंभरी म्हणूनही आपण तिला ओळखतो. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत तिचं नवरात्र. ह्यांना रजा नव्हती. मुलीला ह्यांच्यावर सोपवून आम्ही दोघीच निघालो. निघताना सासूबाई म्हणाल्या, "देवीला या खेपेला खरा खण घ्यायचा. गुळेदगुड्डला जाऊन, मागावरचा."

मला मनातून बरंच वाटलं. वाटलं, तिथं तसाच अंजिरी खण मिळाला तर? नमुना दाखवायला हवा म्हणून ती पर्स मी पिशवीच्या तळाशी टाकली. त्यांना सांगितलं नाही.

सोलापूरहून गदगकडे जाणारी गाडी धरली की मधे कुठं बदलायला लागत नाही. होटगी सोडलं की दोन्ही बाजूंना ज्वारीची काळी रानं. विजापूरला गाडीतूनच गोलघुमट दिसतो. सासूबाईंनी खिडकीतूनच हात जोडले. घुमटाला नव्हे हो, माहेरच्या गावाला! पुढं आलमट्टीच्या बाजूला कृष्णेचं अफाट पाणी लागतं. धरणाच्या फुगवट्यात जुनं बागलकोट बरंचसं बुडालं आणि नवं शहर वसवावं लागलं, ते याच पाण्यामुळं. बागलकोटनंतर जमिनीचा रंग बदलतो. काळी माती संपते आणि तांबूस दगडांच्या टेकड्या सुरू होतात. बदामीच्या आधी 'गुळेदगुड्ड रोड' नावाचं छोटं स्टेशनही आहे. पण आम्ही मुक्काम बदामीला करायचा ठरवला होता, म्हणून पुढं गेलो. बदामी स्टेशनपासून गाव जरा लांब आहे. रिक्षा करावी लागते.

दुपारी मी एकटीच लेणी पाहून आले. सासूबाईंना पायऱ्या झेपत नाहीत, त्या खाली झाडाच्या सावलीत बसल्या. तिसऱ्या लेण्यात चालुक्यांचा शिलालेख आहे, शके ५००चा, म्हणजे इसवी सन ५७८चा. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या दगडी बायका, त्यांचे दागिने, कमरेची वस्त्रं पाहताना वाटलं, अंगावरच्या कापडाची हौस माणसाला केव्हापासूनची आहे! एरवी मी हे खाली येऊन सासूबाईंना तिखटमीठ लावून सांगितलं असतं. त्या दिवशी आम्ही दोघींनी मुकाट्यानं चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.सारखीच त्यांची बस असते तिनं गुळेदगुड्डला गेलो. तासाभराच्या आतलाच रस्ता. गाव टेकडीच्या पायथ्याशी आहे. 'गुड्ड' म्हणजे कानडीत टेकडी. मोठ्या रस्त्यावर कापडाची दुकानं आहेत, पण सासूबाई दुकानात शिरेनात. "मागावरचा म्हणजे मागावरचा." विचारत विचारत एका गल्लीत गेलो. सोलापूरच्या पूर्वभागात वाढलेल्या माणसाला मागाचा आवाज नवा नाही. पण आमच्याकडं यंत्रमागाचा एकसारखा खडखडाट असतो. इथं एखाद्याच घरातून 'खट्… खट्' असा सावकाश आवाज येत होता, मधे थांबत, पुन्हा सुरू होत.

दार उघडंच होतं. "बर्री अक्का, कूडरी," म्हणून घरातल्या बाईंनी चटई टाकली. आत खड्ड्याचा माग. जमिनीत गुडघाभर खड्डा, त्यात पाय सोडून विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पायांनी खालच्या पट्ट्या दाबतो. विणकर साठीचे गृहस्थ होते. त्यांची बायको शेजारी चरख्यावर कांड्या भरत होती. मागावर मोरपंखी खण चढला होता, काठ लाल.

मला वाटायचं, साडीच्या पदरावर बुट्टे काढतात तशी खणाची नक्षी आडव्या धाग्यानं भरत असतील. तसं नसतं. खणाची नक्षी उभ्या धाग्यांची, म्हणजे ताण्याची. मूळ ताण्याच्या जोडीला नक्षीचा वेगळा ताणा बांधलेला असतो. जिथं बुट्टा हवा तिथं तो धागा वर उचलला जातो, बाकी वेळ कापडाच्या पोटाखालून जातो. म्हणून खणाची नक्षी लांबीत ओळीनं सलग धावते. खण उलटा करून पाहा, मागं सुटे धागे दिसतील, ते हेच. यंत्रावर छापल्यासारख्या स्वस्त खणाला दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसल्या, काठ वेगळे उठून आले नाहीत, तर समजायचं की हा त्या जातीचा नव्हे. गुळेदगुड्डच्या खणाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आमच्या सोलापुरी चादरीला आहे तसंच.

पन्हा साडीपेक्षा पुष्कळ कमी. कारण हे कापड मुळी एकाच कामासाठी विणलं जातं. दोन बाजूंच्या काठांतून चोळीच्या बाह्या काठाच्या व्हाव्यात, असा सगळा हिशेब. या भागात चोळीला 'कुबस' म्हणतात आणि पोटुशीच्या ओटीभरणाच्या समारंभालाही 'कुबस'च म्हणतात! चोळीचं आणि बाईच्या सुखदुःखाचं नातं असं शब्दातच बसलेलं.

विणकरांना मोडकंतोडकं मराठी येत होतं. म्हणाले, "पूर्वी या गल्लीत कुठल्याही घरासमोर उभं राहिलात तरी हाच आवाज. आता हातावर मोजा. बायका चोळी नेसायच्या थांबल्या. ब्लाउज आले, ते मीटरच्या कापडाचे. खण राहिला फक्त ओटीला. आणि ओटीला काय, कसलाही चालतो. कोण शिवणार आहे?"

मला माझी पेन्सिलीची फुली आठवली आणि लाज वाटली.

"मग आता कोण घेतं?" मी विचारलं.

"आता पुन्हा थोडी मागणी आहे. खणाच्या साड्या निघाल्या. मुंबई-पुण्याच्या बायका पर्स, उशा, पिशव्या करतात, त्यांच्यासाठी व्यापारी नेतात. बरंचसं यंत्रमागावरचं, पण हातमागाचं विचारणारेही येतात." थांबून म्हणाले, "बाई, आम्ही कापायलाच विणतो. पेटीत ठेवायला नाही. तुम्ही कापला तर दुसरा लागेल ना?"

हे ऐकून मला जरा धीर आला. आत्ताच, असं मनाशी म्हणून मी पिशवीतून पर्स काढली. सासूबाईंच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडस झालं नाही. "असा खण मिळेल का?"

विणकरांनी ती उजेडात नेली. काठावरून अंगठा फिरवला. "हातमागाचा आहे. जुना. हा तेरु." तेरु म्हणजे देवाचा रथ. बारीक नक्षी म्हणून मी जिला पाहत होते, ती ओळीनं उभ्या रथांची होती! माझ्या कात्रीनं काही रथ बरोबर मधे कापले होते.

"असा रथ आता आमच्या मागावर नाही. नक्षीचा ताणा बांधायला दिवस जातात. एकदा ताणा चढवला की त्यावर पुष्कळ खण निघतात. पण एका खणासाठी ताणा बांधता येत नाही, बाई."

म्हणजे मिळणार नव्हता. तसा तर नाहीच नाही. मला एकदम भरून आलं. परक्या घरात, परक्या माणसांपुढं मी सासूबाईंकडं वळून म्हटलं, "आई, माझं चुकलं. तुम्हांला विचारायला हवं होतं."

त्यांनी पर्स विणकरांच्या हातून घेतली. काही बोलल्या नाहीत. विणकरांच्या बायकोनं चरखा थांबवून कानडीत काहीतरी विचारलं. सासूबाईंनी उत्तर दिलं. तिनं पुन्हा काही विचारलं. या वेळी सासूबाईंना बोलायला वेळ लागला. मला एवढंच कळलं की त्यांत 'अव्वा' हा शब्द दोनतीनदा आला. अव्वा म्हणजे आई.

मग त्या बाईनं पर्स माझ्यापुढं धरली, आतली बाजू उलटी केली आणि हसली. अस्तराच्या शिवणीतून नक्षीचे धागे निसटून बाहेर आले होते. महिन्याभरात! तिनं आतून त्यांच्या घरातल्या मुलीसाठी शिवलेली एक पिशवी आणली आणि बोटं दाखवून दाखवून मला समजावलं, सासूबाई मराठीत सांगत गेल्या. त्या दिवसापासून मी याच पद्धतीनं शिवते. तुम्हांलाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर देते.

खण कापण्याआधी त्याच्या उलट्या बाजूला शिंप्याकडं मिळतं ते इस्त्रीनं चिकटणारं पेस्टिंग लावून घ्यावं. त्यानं मागचे सुटे धागे जागच्या जागी बसतात. आधी कापलं आणि मग चिकटवलं तर कडेचे धागे तोवर निसटलेले असतात. माझं हेच चुकलं होतं. इस्त्री मंद हवी आणि मधे सुती कापड ठेवावं. शिवणीला नेहमीपेक्षा जास्त, बोटभर माया ठेवावी आणि कडा लगेच झिगझॅग किंवा ओव्हरलॉक करून घ्याव्या. खणाचा काठ ही विणूनच बांधलेली कड, ती उसवत नाही. म्हणून काठ पर्सच्या तोंडाशी किंवा अभ्र्याच्या उघड्या बाजूला घ्यावा. तो दिसतोही छान आणि दुमडही वाचते. खणाची नक्षी लांबीत धावते, तेव्हा तुकडा आडवा कापू नये, नाहीतर पर्सवरचे रथ आडवे झोपतात! कापताना दोन बुट्ट्यांच्या ओळींमधली मोकळी जागा पाहून कात्री लावावी. अस्तर चांगल्या सुती कापडाचं घ्यावं, खणाला भार सोसवत नाही, तो अस्तरानं सोसायचा असतो. उशीचा अभ्रा करायचा तर खण समोरच्याच बाजूला आणि पाठ सुती. उरलेले चौकोनी तुकडे त्रिकोणी दुमडून ओळीनं शिवले की तोरण होतं, आणि अगदी चिंध्या उरल्या तर त्या कौदीच्या कोपऱ्यांना.

आम्ही देवीसाठी मोरपंखी खण घेतला. मी आणखी दोन घेतले. पैसे मीटरच्या कापडापेक्षा जास्त पडले. पण तो खट्… खट् आवाज ऐकल्यावर घासाघीस करवली नाही.

परतीच्या बसमध्ये सासूबाई खिडकीजवळ बसल्या. गाव मागं पडल्यावर आपणहून बोलल्या.

"तिनं विचारलं, खण कुणाचा? म्हटलं, माझ्या आईचा. मग विचारलं, अक्का, चोळी का नाही शिवलीत? मला उत्तरच सुचेना गं."

मी गप्प राहिले.

"आई गेली, तेव्हा वाटलं, आता घालून तिला दाखवणार कुणाला. म्हणून ठेवला. मग ठेवलेलाच राहिला. चौतीस वर्षं झाली. आईनं तो ओटीत घालताना सांगितलं होतं, जाताना लगेच शिंप्याकडं टाक. शिवला असता तर घालून घालून विरला असता, कौदीत गेला असता, तुझ्या नवऱ्याच्या अंगावर पडला असता." थोड्या वेळानं म्हणाल्या, "कापलास त्याचा राग नव्हता. विचारलं नाहीस. तुला हो म्हटलं असतं की नाही, ते मला आता सांगता येणार नाही. पण विचारायचं होतंस."

यावर मी काय बोलणार? 'हो' एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला नाही की डोळ्यांतून पाणी काढलं नाही, तसा त्यांचा स्वभावच नाही. पण थोड्या वेळानं म्हणाल्या, "काल लेण्यात काय पाहिलंस, सांगितलं नाहीस ते?"

मग मी सांगितलं, तिखटमीठ लावून.

दुपारी बनशंकरीला गेलो. बदामीपासून पाचेक किलोमीटरवर देऊळ. पुढ्यात मोठं चौकोनी तळं, हरिद्रातीर्थ, आणि त्याच्या कडेनं दगडी ओवऱ्या. जत्रेची पालं लागलेली, बांगड्या, भांडी, कौद्यासुद्धा विकायला. या जत्रेत नाटक कंपन्या येतात आणि रात्रभर नाटकं चालतात. त्यांचे भडक रंगांचे फलक जागोजाग. पौर्णिमेला रथ निघतो. आम्ही मुद्दाम आधी आलो होतो, म्हणून दर्शन सुखानं झालं. काळ्या पाषाणातली सिंहवाहिनी, आठ हातांची. शाकंभरी ती, भाज्यांची देवी, तेव्हा नैवेद्याला भाज्या हव्याच.

ओटीची वेळ आली. सासूबाईंनी मोरपंखी खणाची त्रिकोणी घडी घातली, वर नारळ ठेवला. मी तांदळाची पुडी पुढं केली. आणि मग त्यांनी आपल्या पिशवीतून ती अंजिरी पर्स काढली! बसमधून उतरताना माझ्याकडून कधी घेतली होती, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्यातून एकेक करून हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम काढून त्यांनी देवीच्या ओटीत घातले. त्या आईच्या खणातून, देवीच्या खणावर.

बाहेर तळ्याच्या काठी इलकल साड्या नेसलेल्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन फिरतात. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, दही. आपल्यासमोर बसून पानावर वाढतात. आम्ही दोघी पायरीवर बसून जेवलो. प्रवासाला गेलात तर हॉटेलात शिरू नका, हे जेवण चुकवू नका.

घरी आल्यावर आम्ही दोघींनी मिळून पेटी पुन्हा काढली. कितीतरी चांगले खण वर्षानुवर्षं एकाच घडीत राहून घडीवर चिरले होते. तुम्हीही आजच बघा. जे ठेवायचे ते दरसाल बाहेर काढून वारा द्यावा आणि घडी मोडून वेगळ्या जागी घालावी. मग आम्ही तीन ढीग केले. पहिला, कापायचे. दुसरा, चांगले, पण आमच्या अंगाला न येणारे. ते ज्यांना शिवायचे आहेत त्यांना विचारून देऊन टाकायचे. तिसरा ढीग लहान, फक्त चार खणांचा. प्रत्येकाबरोबर सासूबाईंनी चिठ्ठी ठेवली आहे, कुणी दिला, कधी दिला. त्यांना हात लावायचा तर त्यांना विचारून. आणि त्यांच्यामागं माझ्या मुलीला विचारून. आणि आमच्या घरातून ओटीत जाणारा खण यापुढं शिवण्याजोगाच असायचा, हेही ठरलं. वर्षातून दहा ओट्या कमी भरू, पण फिरता खण नको.

आता संध्याकाळी सासूबाई पुन्हा मशीनजवळ येऊन बसतात. अंजिरी पर्स त्यांच्याकडंच असते. जपाची माळ आणि रक्तदाबाच्या गोळ्या तिच्यात. परवा ती उसवलेली बाजू दुरुस्त करायला त्यांनी माझ्यापुढं टाकली आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "खण चांगला होता. अस्तर तेवढं बरं लावायचं होतंस."